मोबदला आणि वाटा : पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक वाढीचा एक हिशेब



आजचा विषय पिंपरी-चिंचवड परिसराची औद्योगिक वाढ हा आहे. तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाने कारखान्यांवर काय बोलावं, असा प्रश्न तुमच्यापैकी काहींना पडला असेल. माझं उत्तर सोपं आहे. वाढ किती झाली हे अर्थशास्त्र मोजतं. पण ती वाढ कोणाची, असं विचारलं की आपण न्यायाच्या प्रांतात शिरतो, आणि त्या प्रांतात तत्त्वज्ञानाचा वावर फार जुना आहे.

पिंपरी-चिंचवड कोणी घडवलं, या प्रश्नाला नेहमी तीन उत्तरं मिळतात. कोणी म्हणतं उद्योगपतींनी, कोणी म्हणतं नेत्यांनी, आणि कोणी म्हणतं बाहेरून आलेल्या कामगारांनी. तिन्ही उत्तरं खरी आहेत. पण या तिघांच्या आधी तिथे कोणीतरी होतं, आणि त्याने काहीतरी दिलं होतं. त्याला त्याबद्दल काय मिळालं? मोबदला मिळाला. वाटा मिळाला का? हे दोन शब्द आजच्या व्याख्यानभर लक्षात ठेवा. मोबदला म्हणजे वस्तू दिली, पैसे घेतले, संबंध संपला. वाटा म्हणजे जे पुढे पिकेल त्यात आपला हिस्सा राहिला. शेती बटाईने करणाऱ्या आपल्या लोकांना हा फरक वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

आता थोडा भूगोल बघू. पुण्याच्या वायव्येला पवना आणि इंद्रायणी या दोन नद्यांच्या दरम्यानची ही गावं. चिंचवडला मोरया गोसावींची समाधी, वर देहू, पलीकडे आळंदी. तुकोबांची पालखी देहूहून निघाली की आकुर्डीला मुक्काम करते आणि जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने पुण्यात येते. भोसरी कुस्तीसाठी नावाजलेली. नदीकाठी बागायत, बाकी बरीचशी जिरायत. मावळाकडे सरकावं तसा भात.

या भागाला रेल्वे फार लवकर मिळाली. खंडाळा ते पुणे हा लोहमार्ग १८५८ मध्ये सुरू झाला, आणि बोरघाटाचं काम पुरं होऊन १८६३ मध्ये मुंबई थेट जोडली गेली. खडकीला दारूगोळ्याचा कारखाना एकोणिसाव्या शतकातच उभा राहिला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात देहूरोडला लष्कराचा डेपो आला. सह्याद्रीच्या माथ्यावर पाणी अडवून खोपोली, भिवपुरी, भिरा इथे टाटांची वीज तयार होऊ लागली होती. म्हणजे रस्ता, रेल्वे, वीज आणि लष्कर या चारही गोष्टी स्वातंत्र्याच्या आधीच इथे किंवा जवळपास होत्या. तरीही १९४७ साली पिंपरी हे गावच होतं. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची छावणी तिथे वसली आणि पिंपरीत पहिली मोठी बाजारपेठ उभी राहिली ती या छावणीच्या आधाराने. आजही जुने लोक त्या भागाला ‘पिंपरी कॅम्प’ म्हणतात.

इथली पहिली मोठी औद्योगिक घटना १९५४ ची. त्या वर्षी केंद्र सरकारने पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही कंपनी स्थापन केली. औषधं बनवणारी ही देशातली पहिली सार्वजनिक क्षेत्रातली कंपनी. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांची मदत होती. १९५५ मध्ये पेनिसिलिनचं उत्पादन सुरू झालं. त्या काळी पेनिसिलिन परदेशातून येत असे आणि सामान्य माणसाला ते मिळणं कठीण होतं, हे लक्षात घेतलं म्हणजे या कारखान्याचं मोल कळतं. एक गोष्ट मुद्दाम सांगतो. इथल्या प्रयोगशाळेत डॉ. थिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हमायसिन हे बुरशीविरोधी औषध शोधून काढलं. ते ज्या सूक्ष्मजीवापासून मिळालं, त्याचं शास्त्रीय नाव ‘स्ट्रेप्टोमायसिस पिंपरिना’ असं आहे. पिंपरीचं नाव जीवशास्त्राच्या ग्रंथांत गेलं ते असं.

यानंतर खासगी कारखाने येऊ लागले. ते इथेच का आले? कारणं चार-पाच आहेत आणि सगळी एकमेकांत गुंतलेली आहेत. मुंबईत जागा उरली नव्हती, आणि नवे उद्योग मुंबईबाहेर न्यावेत असं सरकारी धोरण होऊ लागलं होतं. पुण्यात अभियांत्रिकी महाविद्यालय होतं, तंत्रज्ञ होते, किर्लोस्करांसारखे उद्योग होते. मुंबईचं बंदर एका घाटापलीकडे. आणि एक कारण असं, की त्याचा उल्लेख समारंभातल्या भाषणांत सहसा होत नाही. पुणे महानगरपालिका १९५० मध्ये स्थापन झाली. तिच्या हद्दीत माल आणायचा तर जकात भरावी लागे. पिंपरी, आकुर्डी, भोसरी ही गावं हद्दीच्या बाहेर होती. शहराचे सगळे फायदे हाताशी, आणि शहराचा कर मात्र नाही. उपनगर म्हणजे काय याची ही एक व्यवहारी व्याख्या समजायला हरकत नाही.

१९६० मध्ये महाराष्ट्र राज्य झालं. १९६१ च्या कायद्याने महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची, म्हणजे आपल्या एमआयडीसीची तरतूद झाली आणि १ ऑगस्ट १९६२ ला महामंडळ सुरू झालं. त्याची पद्धत समजून घेतली पाहिजे, कारण पुढचा सगळा हिशेब तिच्यावर उभा आहे. सरकारने शेतकऱ्याची जमीन संपादन करायची. महामंडळाने तिथे रस्ते, पाणी, वीज आणून भूखंड पाडायचे. आणि ते भूखंड उद्योजकांना पंचाण्णव वर्षांच्या भाडेपट्ट्याने द्यायचे. नव्या उद्योजकाच्या दृष्टीने ही फार मोठी सोय होती. शंभर शेतकऱ्यांशी शंभर सौदे करण्याची कटकट नाही, सातबाऱ्यावरच्या भाऊबंदकीत शिरायला नको, पाण्यासाठी वणवण नाही. यंत्रं आणायची आणि उत्पादन सुरू करायचं.

आणि ते झालं, तेही झपाट्याने. आकुर्डीत बजाज ऑटो आणि बजाज टेम्पो. पिंपरी-चिखली भागात १९६६ पासून टेल्को. चिंचवडला एसकेएफ, पुढे थरमॅक्स. दापोडीला सँडविक. पिंपरीला केएसबी पंप. १९७१ च्या जनगणनेत या नव्या शहराची लोकसंख्या एक लाखाच्याही आत होती. २०११ मध्ये ती १७ लाखांच्या वर गेली. चाळीस वर्षांत किमान सतरापट. जगात अशी शहरं थोडी असतील.

इथे मला उद्योगांचं श्रेय पूर्ण द्यायचं आहे. ‘सगळं सरकारने दिलं, यांनी काय केलं’ असं म्हणणाऱ्यांच्या पंक्तीत मी बसणार नाही. टेल्कोच्या सुमंत मुळगावकरांनी पुण्याच्या प्रकल्पात माणसं घडवण्याला आणि यंत्रं बनवणारी यंत्रं तयार करण्याला आधी महत्त्व दिलं. माळरानावर झाडं लावली, तळं केलं. मालमोटारी बाहेर पडायला लागल्या त्या पुढे, १९७७ मध्ये. एवढी वाट बघण्याचा धीर आजच्या तिमाही हिशेबाच्या काळात कोणाकडे आहे? बजाजची स्कूटर तर मध्यमवर्गाचं स्वप्नच झाली. १९७२ मध्ये ‘चेतक’ आली. परवाना पद्धतीमुळे उत्पादनावर मर्यादा होती, म्हणून नाव नोंदवून वर्षानुवर्षं थांबावं लागे. राहुल बजाज स्वतः अनेक वर्षं आकुर्डीत कारखान्याच्या वसाहतीत राहिले. मालक कामगारांच्या शेजारी राहतो, ही साधी गोष्ट नव्हे.

या मोठ्या कारखान्यांभोवती लहान कारखान्यांचं जाळं विणलं गेलं. भोसरीच्या एमआयडीसीत चक्कर मारली तर पत्र्याच्या शेडमध्ये दोन लेथ, एक मिलिंग मशीन आणि चार कामगार, असा संसार ओळीने दिसायचा. टेल्कोत शिकाऊ म्हणून हात तयार झालेला पोरगा दहा वर्षांनी नोकरी सोडायचा, कर्ज काढून शेड घ्यायचा आणि टेल्कोचंच जॉबवर्क करायचा. मराठी माणूस धंद्यात पडत नाही, ही तक्रार आपण नेहमी ऐकतो. ज्याला तिचं उत्तर हवं असेल त्याने भोसरीतल्या पाट्या वाचाव्यात. १९७२ च्या दुष्काळाने मराठवाडा, सोलापूर, नगर भागांतली माणसं इकडे लोटली. पुढे विदर्भ-खानदेशातून आणि मग उत्तर प्रदेश-बिहारमधून लोक आले. ‘मुलगा टेल्कोत आहे’ एवढं सांगितलं की लग्नाच्या बोलणीत पुढचे प्रश्न कमी व्हायचे. हजारो कुटुंबं या कारखान्यांनी दारिद्र्यातून वर काढली, हे नाकारणं कृतघ्नपणाचं होईल.

मग तक्रार कशाची? तक्रार हिशेबाची आहे. आता कायद्याच्या एका कलमाकडे यावं लागेल. कलम म्हटलं की श्रोते घड्याळाकडे बघतात, पण दोन मिनिटं धीर धरा.

जमिनीची भरपाई ठरवताना १८९४ च्या भूसंपादन कायद्याची तत्त्वं लागू होती. एमआयडीसीच्या कायद्यानेही भरपाईसाठी तीच तत्त्वं पुढे ठेवली. त्या जुन्या कायद्याचं २४ वं कलम सांगतं, की भरपाई ठरवताना कोणत्या गोष्टी विचारात घ्यायच्या नाहीत. त्यातली एक अशी : जमीन ज्या कामासाठी घेतली जात आहे, त्या कामामुळे तिची किंमत पुढे वाढणार असेल, तर ती वाढ धरायची नाही. अर्थ लक्षात आला का? जमीन ज्वारीची असेल तर भाव ज्वारीच्या जमिनीचा. तिच्यावर उद्या मोटारींचा कारखाना उभा राहणार आहे, हे घेणाऱ्याला माहीत आहे, देणाऱ्याला माहीत आहे, भाव ठरवणाऱ्या अधिकाऱ्यालाही माहीत आहे. पण कायद्याने तिघांनाही डोळे मिटायला सांगितले. वाढ होणार आहे, म्हणून तर जमीन घ्यायची; आणि हिशेब करताना मात्र वाढ होणारच नाही असं समजायचं. शेतकरी वाढीतून वगळला गेला तो नशिबाने किंवा अडाणीपणाने नव्हे. तसं लिहून ठेवलेलं होतं.

ॲरिस्टॉटलने न्यायाचे प्रकार सांगताना एक भेद केला आहे. एक न्याय व्यवहारातला : दिलं-घेतलं ते समतोल आहे का, एवढंच तो बघतो. दुसरा वाटपाचा : सगळ्यांनी मिळून जे उभं केलं, त्यातला कोणाला किती हिस्सा यावा, हे तो बघतो. जमीन संपादन करताना राज्याने शेतकऱ्याला पहिल्या प्रकारच्या खोलीत बसवलं. त्याच्या जमिनीवर जे उभं राहिलं ते मात्र दुसऱ्या प्रकारचं होतं, एक सामायिक उभारणी. त्या खोलीत कंपन्या होत्या, बँका होत्या, कर गोळा करणारी नगरपालिका होती, थोड्या भांडणानंतर कामगार संघटनाही आल्या. कामगाराकडे रोज वापरता येईल असं एक हत्यार होतं, काम थांबवणं. १९८९ च्या सप्टेंबरात टेल्कोचे हजारो कामगार राजन नायर यांच्या नेतृत्वाखाली शनिवारवाड्यापाशी उपोषणाला बसले होते, हे पुणेकरांना आठवत असेल. तो लढा हरला, पण लढता तरी आला. शेतकऱ्याचं हत्यार जमीन हेच होतं, आणि ते त्याने पहिल्याच दिवशी देऊन टाकलेलं होतं.

आता एक गंमत बघा. जकात नको म्हणून जे कारखाने हद्दीबाहेर आले, त्यांच्यामुळेच इथे नवी हद्द तयार झाली. १९७० मध्ये पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी ही गावं मिळून नगरपालिका झाली. अण्णासाहेब मगर यांचा त्यात पुढाकार. १९८२ मध्ये महानगरपालिका झाली. आणि तिच्या उत्पन्नाचा मोठा आधार कोणता होता? जकात! कारखान्यात येणाऱ्या पोलादावर, सुट्या भागांवर जकात. तिच्या जोरावर ही महापालिका ‘आशिया खंडातली सर्वात श्रीमंत’ म्हणून मिरवू लागली. रुंद रस्ते, उड्डाणपूल, उद्यानं, यशवंतराव चव्हाणांच्या नावाचं मोठं रुग्णालय, हे सगळं त्यातून आलं. म्हणजे समाजाला वाटा मिळाला, हे मान्य केलं पाहिजे. २०१३ मध्ये जकात गेली, एलबीटी आला, २०१७ मध्ये जीएसटी आला, आणि ती थेट नाळ तुटली.

१९७२ मध्ये नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झालं. कामगारांना परवडणारी घरं मिळावीत, हा हेतू. त्यासाठी पुन्हा गावांच्या जमिनी. इथे इतिहासाचा एक धागा दुसरीकडून येतो. नवी मुंबईसाठी जमिनी गेलेल्या शेतकऱ्यांनी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लढा दिला. १९८४ च्या जानेवारीत उरण तालुक्यात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण ठार झाले. त्यातून महाराष्ट्राला एक तत्त्व मिळालं, ‘साडेबारा टक्के’. संपादन केलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड मूळ मालकाला परत द्यायचा. हे तत्त्व मला फार महत्त्वाचं वाटतं. आपल्या कायद्याच्या व्यवहारात ‘मोबदला’ या शब्दाशेजारी ‘वाटा’ हा शब्द आला तो इथे. मात्र पिंपरी-चिंचवडच्या प्राधिकरणात ज्यांच्या जमिनी आधी, म्हणजे १९७२ ते १९८३ या काळात गेल्या, त्यांना या परताव्यासाठी दशकानुदशकं ताटकळावं लागलं. सर्वांत आधी देणारा सर्वांत शेवटी रांगेत. वडिलांनी जमीन दिली आणि अर्जाची फाइल नातवाच्या हातात आली, अशी घरं तिथे आहेत.

जमिनीनंतर पाणी. कारखान्यांना आणि शहराला पाणी पवनेचं. मावळात पवनेवर धरण झालं तेव्हा गावं उठली, शेतं बुडाली. त्या धरणग्रस्तांपैकी अनेकांना पर्यायी जमिनीसाठी पुढची कित्येक वर्षं आंदोलनं करावी लागली. धरणातलं पाणी नदीतून वाहत यायचं आणि रावेतच्या बंधाऱ्यावर उचललं जायचं, तोवर काठच्या शेतकऱ्यालाही ते दिसत होतं, उपसता येत होतं. महापालिकेने ते बंद जलवाहिनीतून थेट शहरात आणायचं ठरवलं. शहराची बाजू चूक नव्हती : गळती कमी, प्रदूषण नाही, लाखो लोकांची तहान. पण काठच्या माणसाने विचारलं, नदीत पाणी राहणार का? ९ ऑगस्ट २०११ रोजी, क्रांतिदिनी, मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर बऊरजवळ आंदोलन झालं. पोलिसांनी गोळीबार केला. तीन जण मेले, त्यात एक स्त्री. मावळातल्या माणसांना हा प्रश्न पाइपचा कधीच वाटला नाही. ‘जमीन गेली, आता पाणीही बंद नळीतून आमच्या समोरून जाणार’ असा त्यांचा अनुभव होता. ज्याला वाटा नाही, त्याला शहराच्या तहानेत आपलेपणा कसा वाटेल?

आता काळ बदलतो. १९९१ नंतर उदारीकरण आलं. मर्सिडीज-बेंझने १९९५ मध्ये टेल्कोच्याच आवारात मोटारींची जोडणी सुरू केली. १९९८ मध्ये इथल्याच अभियंत्यांनी घडवलेली ‘इंडिका’ आली. वाढ सरकत पुढे गेली. चाकणला बजाजचा नवा कारखाना आला, २००९ मध्ये फोक्सवॅगन आली, मर्सिडीजही तिकडेच गेली. कांद्या-बटाट्याच्या बाजारासाठी प्रसिद्ध असलेल्या चाकणच्या रस्त्यावर कंटेनरच्या रांगा लागल्या. दुसऱ्या बाजूला हिंजवडीत एमआयडीसीने माहिती तंत्रज्ञानाचं उद्यान उभारलं. तिथे लाखो मुलं-मुली काम करतात, आणि गावाचा कारभार मात्र इतकी वर्षं ग्रामपंचायतीकडे. रोज संध्याकाळी तिथे अडकून पडणाऱ्यांना याचा अर्थ मी समजावून सांगायला नको.

आणि जुन्या पट्ट्याचं काय झालं? २००७ मध्ये बजाजने आकुर्डीतलं उत्पादन थांबवलं. पुढे २०२२ मध्ये त्याच जागेवर विजेवर चालणाऱ्या चेतकचा कारखाना सुरू झाला, हे बरं झालं. सगळ्या जागांचं नशीब असं नव्हतं. बंद पडलेल्या काही कारखान्यांच्या जागी आज टॉवर आणि मॉल दिसतात. आणि जिथून आपण सुरुवात केली, ते हिंदुस्तान अँटिबायोटिक्स? ती कंपनी आजारी पडली. कामगारांचे पगार थकले. २०१६ च्या डिसेंबरात केंद्रीय मंत्रिमंडळाने देणी भागवण्यासाठी तिची सुमारे ८८ एकर अतिरिक्त जमीन विकायला मंजुरी दिली. जरा थांबून विचार करा. पेनिसिलिन बनवण्यासाठी, सार्वजनिक हितासाठी, ही जमीन त्या कंपनीकडे आली. साठ वर्षांनंतर औषधं तिला तारू शकली नाहीत, आणि तारायला उरली ती जमीन. म्हणजे सगळ्या यंत्रांपेक्षा, सगळ्या परवान्यांपेक्षा, शेवटी किंमत वाढली ती त्या पहिल्या गोष्टीची, जी मूळ मालकाने ज्वारीच्या भावात दिली होती.

इथे एक गंभीर आक्षेप येतो आणि त्याला बगल देऊन चालणार नाही. जॉन स्टुअर्ट मिल या तत्त्ववेत्त्याने म्हटलं होतं, की जमिनीची किंमत वाढते त्यात मालकाचं श्रेय काहीच नसतं. तो झोपेत श्रीमंत होतो. रस्ता समाज बांधतो, कारखाना दुसरा उभारतो, वस्ती तिसऱ्यांची होते, म्हणून ती वाढ समाजाकडे यावी. मग पिंपरीच्या शेतकऱ्याने त्या वाढीवर हक्क का सांगावा? त्याने कुठे मोटारी बनवल्या?

आक्षेप जोरदार आहे. माझं उत्तर असं. मिलचं तत्त्व मान्य करायचं तर ते सगळ्यांना सारखं लावा. शेतकऱ्याला ‘ही वाढ तुझ्या श्रमाची नाही’ असं सांगून बाजूला केलं, इथवर ठीक. पण मग ती वाढ पूर्णपणे समाजाकडे यायला हवी होती. ती तशी आली का? जकातीच्या रूपाने काही आली. उरलेली मोठी रक्कम भूखंडाचा वापर बदलून घेणाऱ्याकडे, इमारती बांधणाऱ्याकडे आणि मोक्याच्या वेळी मोक्याची जमीन घेऊन ठेवणाऱ्याकडे गेली. त्यांनीही मोटारी बनवल्या नव्हत्या. जो युक्तिवाद शेतकऱ्याच्या तोंडावर फेकला, तो यांच्यासमोर कोणी उच्चारला नाही. तत्त्व एकालाच लावायचं आणि दुसऱ्याला सोडायचं, तर त्याला तत्त्व म्हणता येत नाही, ती सोय होते.

दुसरीकडे, ज्यांची जमीन संपादनातून वाचली आणि नंतर गुंठ्याने विकली गेली, त्यांची कथाही आपण चवीने सांगतो. ‘गुंठामंत्री’ हा शब्द पुण्याच्या आसपासच जन्मला. गळ्यात सोन्याचा साखळदंड, दारात मोठी गाडी, आणि पाच वर्षांनी सगळं संपलेलं. लोक हसतात. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. पिढ्यान्‌पिढ्या ज्याची मिळकत हंगामाला यायची, त्याच्या हातात एका सकाळी आयुष्यभराची रक्कम ठेवली आणि उद्याचं उत्पन्न काढून घेतलं. मोबदल्याचा स्वभावच असा असतो. तो एकदाच येतो.

दुसरा मार्ग होता का? होता, आणि तो याच जिल्ह्यात चालून दाखवला गेला आहे. पुण्याच्या पूर्वेला हडपसरजवळ मगरपट्टा. शहर अंगावर येत होतं, जमीन आज ना उद्या संपादनात किंवा बिल्डरकडे जाणार हे दिसत होतं. पिंपरी-चिंचवड नगरपालिकेसाठी पुढाकार घेणारे अण्णासाहेब ज्या हडपसरच्या मगरांपैकी, तिथल्याच सतीश मगर यांनी सुमारे १२० शेतकरी कुटुंबांना एकत्र आणलं. सुमारे ४०० एकर जमीन एकत्र केली. जमीन विकून मोकळं होण्याऐवजी त्यांनी कंपनी काढली आणि ज्याची जितकी जमीन, तितका त्याचा हिस्सा ठेवला. गेल्या शतकाच्या अखेरीला काम सुरू झालं. घरं, शाळा, माहिती तंत्रज्ञानाच्या कंपन्यांची कार्यालयं उभी राहिली. ज्यांनी ऊस लावला होता ते भागधारक झाले, काहींच्या मुलांनी त्याच बांधकामात लागणाऱ्या कामांचे व्यवसाय सुरू केले.

मगरपट्टा म्हणजे रामराज्य, असं मी म्हणत नाही. तिथेही हिस्सा सातबाऱ्यावर नाव असलेल्यांनाच. त्याच शेतात राबणारा भूमिहीन मजूर, खुरपणीला जाणारी बाई, यांचं नाव कुठल्याच उताऱ्यावर नव्हतं. त्यांना ना मोबदला, ना वाटा. जुन्या गावगाड्यात बलुतेदाराला निदान सुगीत बलुतं मिळे. जातीच्या उतरंडीतलं ते मिळणं अपमानाचंही होतं, म्हणून त्याची आठवण काढून उसासे टाकायचं कारण नाही. पण पिकाशी संबंध असलेल्या प्रत्येकाचा पिकात काहीतरी अंश असतो, एवढी जाणीव त्या जुन्या व्यवस्थेलाही होती. आधुनिक विकासाने अपमान काढून टाकायला हवा होता आणि अंश ठेवायला हवा होता. बऱ्याच ठिकाणी उलटं झालं.

२०१४ पासून नवा भूसंपादन कायदा लागू झाला. १८९४ चा गेला. भरपाई वाढली, पुनर्वसन हा हक्क झाला, जमीन नसलेल्या पण तिच्यावर पोट असलेल्यांचीही दखल घेतली गेली. ही प्रगती खरी आहे. तरी मूळ चौकट पुष्कळशी मोबदल्याचीच राहिली. पूर्वी थोडे पैसे देऊन संबंध संपत होता, आता जास्त पैसे देऊन संपतो.

हे सगळं आज सांगण्याचं कारण म्हणजे हा इतिहास संपलेला नाही. पुण्याभोवती वर्तुळाकार मार्ग होतो आहे. पुरंदरमध्ये विमानतळ ठरला आहे आणि तिथल्या गावांनी त्याला विरोध केला आहे. तिथला अंजीर-सीताफळाचा बागायतदार आडमुठा आहे, विकासाला विरोध करतो, असं शहरातले आपण पटकन म्हणतो. त्याने पिंपरी बघितली आहे, मावळ बघितला आहे, मगरपट्टाही बघितला आहे. त्याचा ‘नाही’ ऐकताना त्यामागचा प्रश्न ऐका : भाव किती देणार हे तुम्ही सांगितलंत, पण पुढच्या पन्नास वर्षांत इथे जे पिकणार आहे, त्यात माझ्या नातवाचं नाव कुठे आहे?

उद्योगाला या प्रश्नाची भीती वाटायला नको. ज्याचा वाटा आहे तो माणूस कारखान्याच्या दाराशी मोर्चा आणणार नाही, तो कारखाना चालावा म्हणून देव पाण्यात ठेवेल. भाडेपट्ट्यातला थोडा हिस्सा दरवर्षी मूळ गावांकडे जाऊ शकतो. विकसित भूखंड वेळेत, त्याच पिढीत परत देता येतो. जमिनीचा वापर बदलून उद्योगाची जागा निवासी झाली, तर त्या वाढलेल्या किमतीत समाजाचा आणि मूळ धारकाचा हिस्सा ठरवता येतो. भूमिहीनांसाठी त्यातला भाग वेगळा काढता येतो. यात क्रांतिकारक काही नाही. बटाईचा करार आपल्या आजोबांना जमत होता, तर तो आपल्या महामंडळांना का जमू नये?

पुढच्या वेळी आकुर्डी-चिंचवडच्या रस्त्याने जाल तेव्हा कारखान्यांच्या पाट्या जरूर वाचा. त्या अभिमानाने वाचाव्यात अशाच आहेत. त्याबरोबर, ती पाटी ज्या गट नंबरात उभी आहे त्याच्या जुन्या उताऱ्यावर कोणाचं नाव होतं आणि ते घर आज काय करतं, हेही कोणाला तरी विचारा. उत्तर मिळालं, तर या शहराच्या वाढीचा हिशेब तुमच्यापुरता पुरा होईल.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.